अस्थानीं वापरलेला गुण

अडाण्याच्या हातून काम बिघडलें तर आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु ज्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवावी, त्यानेंच ती पुरी न केल्यास मनाला चुटपुट लागून राहते. ‘गोल्डनआय’ या १९९५ सालच्या इंग्रजी हेरपटाचें संगीत ऐकतांना माझी अशीच निराशा होते. हे चित्रपट मुलांनीं पाहावे कीं नाहीं, हें पालकांनीं ठरवावें. येथें विचार करावयाचा आहे तो केवळ त्यांतील संगीताचा.

जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या चित्रपटमालेस १९६२ सालीं ‘डॉ. नो’ या चित्रपटानें आरंभ झाला. तिची जगप्रसिद्ध धून मॉन्टी नॉर्मन यांची. या धुनेचें मूळ समजल्यावर आपल्या वाचकांस कौतुक वाटेल. व्ही. एस्. नायपॉल यांनीं त्रिनिदाद बेटांतील एका भारतीय वंशाच्या कुटुंबावर लिहिलेली ‘ए हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आधारें एक संगीत नाटक करण्याचें योजिलें होतें, व नॉर्मन यांनीं त्यासाठीं एक गीत रचलें होतें. नाटक रंगभूमीवर आलेंच नाहीं. पुढें तीच चाल नॉर्मन यांनीं हेरपटासाठीं घेतली आणि जॉन बॅरी यांनीं ती गिटार व पितळी वाद्यें यांच्यासाठीं बसवून दिली. बिस्वासांच्या घरचें गाणें अशा रीतीनें हेराच्या दारीं नांदावयास आलें!

१९६३ पासून १९८७ पर्यंत बॅरी यांनीं या मालेंतील अकरा चित्रपटांस संगीत दिलें. कथा बदले, देश बदले, नटही बदलले. पण योग्य क्षणीं ती धून उमटे, आणि शीर्षकगीताची चाल पार्श्वसंगीतांत पुनःपुन्हा डोकावे. श्रोत्याला ओळखीचें माणूस भेटल्याचा आनंद होई.

१९८९ नंतर सहा वर्षें ही माला बंद होती. तेवढ्यांत सोव्हिएट संघ लयास गेला. नायकाच्या भूमिकेंत नवा नट आला. तेव्हां संगीतही नवें असावें, असें निर्मात्यांस वाटलें असल्यास त्यांत वावगें कांहीं नव्हतें. त्यांनीं निवडलेले फ्रेंच संगीतकार एरिक सेरा हेही सामान्य नव्हेत. १९८८ सालच्या ‘द बिग ब्लू’ या, श्वास रोखून खोल समुद्रांत उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या चित्रपटाला त्यांनीं दिलेलें संगीत वाखाणलें गेलें. त्यांचे यांत्रिक, लांबत जाणारे स्वर त्या अथांग पाण्याला शोभून दिसले.

तेच स्वर हेराच्या धांवपळींत मात्र शोभले नाहींत. चित्रपटाच्या प्रारंभींच ती जुनी धून नगाऱ्याचे ठोके आणि धातूचे आवाज यांत तुकड्यातुकड्यांनीं ऐकूं येते. मोनॅको नजीकच्या डोंगरी रस्त्यावर दोन मोटारींची शर्यत लागते, तेव्हां जो हलकासा ठेका वाजतो, त्यावरून ही जिवावरची बाब आहे कीं गंमत, हेंच कळत नाहीं. टीना टर्नर यांनीं गाइलेल्या शीर्षकगीताचा धागाही पुढील संगीतांत कोठें गुंफलेला नाहीं. सेंट पीटर्सबर्ग शहरांतून नायक रणगाडा दामटीत जातो, त्या प्रसंगाचें सेरा यांचें संगीत तर चित्रपटांत ठेवलेंच नाहीं. जॉन आल्टमन यांनीं मोठ्या वाद्यवृंदासाठीं जुनी धून नव्यानें बसविली, व तीच तेथें वाजते. तेवढ्या एका प्रसंगीं प्रेक्षक खुर्चींत सरसावून बसतो!

याचा अर्थ सेरा यांना वाद्यवृंदाचें ज्ञान नव्हतें असा नाहीं. समुद्रकांठच्या निवांत प्रसंगीं त्यांनीं तंतुवाद्यांतून जो हळुवार भाव उमटविला आहे, तो मनाला स्पर्श करून जातो. यंत्रालाही दोष देतां येत नाहीं. १९९७ सालीं डेव्हिड अर्नोल्ड यांनीं पुढच्याच चित्रपटांत यांत्रिक ठेके वापरले. पण ते जुन्या धुनेच्या साथीला बसविले, आणि त्यानंतर आणखी चार चित्रपट त्यांच्याकडे आले. मग उणें कशांत पडलें? आपल्याकडील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र यानें अकराव्या शतकांत काव्याचें जीवित म्हणून जें सांगितलें, त्या औचित्यांत. जेथें जें शोभतें तेथें तें असावें. एरवीं गुणही ओझें होतो.

कोणी म्हणतील, कलावंतानें पूर्वसूरींचें अनुकरण कां करावें? करूं नयेच. परंतु वारसा स्वीकारणाऱ्यानें त्यांतील टाकण्याजोगें कोणतें आणि प्राणभूत कोणतें, एवढें तरी ओळखावें. बिस्वासांच्या गीताचें बॅरी यांनीं रूप पार पालटलें, पण चालीचा कणा मोडला नाहीं. उद्यां तुमच्यापैकीं कोणी वडिलांचें दुकान, कोणी शेत, कोणी एखादी विद्या हातीं घेईल, तेव्हां हाच प्रश्न तुमच्यापुढें उभा राहील.

आणखी एक गोष्ट. एखादें गाणें आवडलें नाहीं कीं ‘टाकाऊ’ म्हणून मोकळें होण्याची आपणांस संवय असते. विद्यार्थी मित्रांनो, तसें न करतां कोणत्या प्रसंगीं, कोणत्या वाद्यानें, काय बिघडलें तें सांगावयास शिका, आणि साधलें असेल तेंही सांगा. पालकांनींही मुलाला ‘कां बरें?’ असें विचारून त्याचें उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें. कारणें देऊन बोलून दाखविलेली निराशा कलावंताचा अपमान करीत नाहीं. त्याचें काम आपण मन लावून ऐकलें, याची ती पावतीच होय.