पुतळ्यांच्या रांगेंतून

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांतील वाटा मुद्दाम वळणावळणाच्या ठेवलेल्या आहेत. ऑल्मस्टेड व व्हॉक्स यांच्या १८५८ सालच्या आराखड्यांत लांबवर सरळ जाणारी वाट एकच, ती म्हणजे 'मॉल'. दोहों बाजूंस अमेरिकन एल्म वृक्षांच्या रांगा असून त्यांच्या फांद्यांचा वर मांडव झालेला आहे. भुंगेऱ्यांमार्फत पसरणाऱ्या बुरशीनें त्या देशांतील असले असंख्य वृक्ष मेले; येथें रोगट फांदी दिसतांच छाटतात, म्हणून ही सांवली टिकली.

दक्षिणेकडील भागांत साहित्यिकांचे पुतळे आहेत. शेक्सपिअरच्या पुतळ्याच्या निधीसाठीं १८६४ सालीं बूथ बंधूंनीं 'ज्यूलियस सीझर'चा प्रयोग केला होता. त्यांपैकीं जॉन विल्क्स बूथ यानेंच पुढील एप्रिलांत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांस गोळी घातली! नाटकांत मात्र त्याजकडे मारेकऱ्याचें नव्हे, तर अँटनीचें काम होतें. पुढें स्कॉट व बर्न्स भेटतात. हॅलेक नामक अमेरिकन कवीच्या पुतळ्याचें अनावरण १८७७ सालीं खुद्द राष्ट्राध्यक्ष हेज यांनीं केलें. आज त्याची कविता कितीजण वाचीत असतील?

येथें आमच्या वहिनी थांबल्या. "भाऊजी, या रांगेंत बाईमाणूस कोठें आहे?"

प्रश्न रास्त होता. उद्यानांत अ‍ॅलिस होती, ज्यूलिएट होती. परंतु खरोखर होऊन गेलेल्या स्त्रीचा पुतळा २०२० पर्यंत एकही नव्हता. त्या वर्षीं २६ ऑगस्टला, अमेरिकन स्त्रियांच्या मतदानहक्कास शंभर वर्षें झालीं त्या दिवशीं, याच वाटेवर तिघी एका मेजाभोंवतीं आल्या: लिहिणारी स्टँटन, कागदपत्रें घेऊन अँथनी, आणि बोलणारी सोजर्नर ट्रुथ. मूळ आराखड्यांत ट्रुथ नव्हती. टीका झाल्यावर तिला जागा मिळाली. ती जन्मानें गुलाम, आणि तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. ग्रंथकारांच्या पंक्तींत निरक्षर बाई! आणि तो हक्क मिळालेला पाहणें तिघींपैकीं एकीच्याही नशिबीं नव्हतें.

वहिनी तेथें बराच वेळ उभ्या होत्या. शेवटीं आम्हींच घाई केली. वाटेच्या उत्तर टोकाला बेथेस्डाचें कारंजें पाहावयाचें राहिलें होतें. त्यावरील १८७३ सालची देवदूताची मूर्ति एमा स्टेबिन्स या स्त्रीनें घडविली आहे, असें आम्हीं सांगितलें.

"मग हें आधीं नाहीं का सांगायचें?" असें म्हणून त्या आमच्या पुढें चालूं लागल्या.