बिऱ्हाड जर्मनीत, भाषा वाऱ्यावर

पुण्यातल्या इंजिनिअरला म्युनिक किंवा स्टुटगार्टला नोकरी लागली की घरात याद्यांवर याद्या होतात. पदव्यांच्या नकला, व्हिसाची तारीख, कुकरच्या जादा रिंगा, गोडा मसाला, मुलांची औषधं. बायकोच्या जर्मनचा विषय निघालाच, तर ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मिटवला जातो. पुढे संसाराचं गाडं नेमकं तिथेच अडतं.

याला जर्मन कायद्याचाही हातभार आहे. जोडीदाराला बोलावताना एरवी ए१ या अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनचा दाखला लागतो. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरी-परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला मात्र तो माफ आहे, वर नोकरी करायची मुभाही आहे. बाहेरून कुशल माणसं यावीत म्हणून दिलेली ही सवलत. पण तिची किंमत मागून येणाऱ्याला, म्हणजे बहुतेक घरांत बायकोला, मोजावी लागते. नवऱ्याच्या ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पाळणाघरात, डॉक्टरच्या काउंटरवर आणि टपालपेटीत जर्मनच असतं.

टपालपेटीचंच बघा. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. मग कर क्रमांक, विम्याची कागदपत्रं असं बरंच काही टपालानेच येतं. तिथल्या बहुतेक इमारतींत पत्त्याला फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल आणि पेटीवर नवऱ्याच्याच नावाची चिठ्ठी असेल, तर तिचं पत्र आल्या वाटेने परत जाऊ शकतं. पत्र हाती पडलं तर मोबाइल त्याचं भाषांतर करून देतो. त्यानंतर करायचा फोन मात्र स्वतःलाच करावा लागतो.

पाळणाघराची तऱ्हा आणखी वेगळी. ऑगस्ट २०१३पासून वर्षाच्या मुलाला तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तरी अनेक शहरांत जागेसाठी ताटकळावं लागतं. जागा मिळाली तरी मूल सोडून निघता येत नाही. मुलाला सवय लावायची ठरलेली पद्धत असते. बऱ्याच ठिकाणी पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी खोलीतच एका कडेला बसायचं, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघायचं. असं करत करत काही आठवडे जातात. मूल काय खातं, झोपताना कुठलं फडकं धरतं, रडलं तर काय करायचं, हे सगळं ताईंना सांगायचं असतं, तेही जर्मनमध्ये. नवरा ऑफिसात, आणि कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसलेली आई हातवाऱ्यांवर काम भागवते.

सरकारी इंटिग्रेशन कोर्स चांगला आहे: साधारण ६०० तास भाषा, १०० तास देशाची ओळख, आणि बी१ या मधल्या पातळीपर्यंत मजल. पण वर्गाला जायचं तर मूल कुठे ठेवणार? पाळणाघर नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून नोकरी नाही. बायको नर्स असेल तर पदवीला सरकारी मान्यता मिळवायची आणि भाषाही साधारण त्यापुढच्या बी२पर्यंत न्यायची. इथे दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई तिथे दोन-तीन वर्षं घरात अडकून पडते, ती अशी.

बर्लिनमध्ये इंग्रजीवर निभावतं, असं कोणी म्हणेल. आयटीतल्या माणसाचं निभावतंही. पण घर आयटीत नसतं.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. उमेदवारांना जर्मन शिकवण्याच्या योजनाही आखल्या. त्या वर्गांत उमेदवाराच्या शेजारचं बाक जोडीदारासाठी राखून ठेवायला हवं. नोकरी देणाऱ्या कंपन्यांकडेही हे मागता येईल. विमानाची तिकिटं आणि सामान हलवायचा खर्च कित्येक कंपन्या उचलतात; त्यात जोडीदाराच्या भाषावर्गाची फी धरायला पगाराची बोलणी चालू असतानाच सांगावं. व्हिसाची वाट बघण्यात तसेही महिने जातात. तेवढ्यात ए१ होऊ शकतं, आणि आजी-आजोबा जवळ असल्याने मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्नही इथे निम्मा सुटलेला असतो.