रांग गेली, पण खिडकीही गेली

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे दिसू लागले. हे आज आठवायचे कारण म्हणजे वक्फचे ‘उम्मीद’ पोर्टल.

सुरुवातीच्या इंटरनेटने साध्या माणसाला काय दिले? ऐरोलीचेच बघा. २००४ पर्यंत इथे रेल्वे स्टेशन नव्हते. गावचे आरक्षण करायचे तर ठाणे, मुलुंड किंवा वाशी गाठा आणि रांगेत उभे राहा. रोजंदारीवाल्याचा एक खाडा ठरलेला. २००२ मध्ये आयआरसीटीसीचे ऑनलाइन आरक्षण सुरू झाले. तिकीट कुरिअरने घरी येई. २००५ मध्ये ई-तिकीट आले. ज्याच्याकडे ना संगणक ना कार्ड, त्याचे काम कॅफेवाला करून द्यायचा. आखातात गेलेल्या मुलाचा ई-मेलही तोच वाचून दाखवायचा.

म्हणजे फायदा नुसत्या तारेचा नव्हता. शेजारी बसून फॉर्म भरून देणारा माणूस होता, आणि ऑनलाइन जमले नाही तर स्टेशनवरची खिडकी उघडीच होती.

आता नेमके हेच बदलले आहे. ‘उम्मीद’ पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झाले. वक्फ मालमत्तांची नोंद सहा महिन्यांत करायची, तीही ऑनलाइनच. १ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि अडचण असेल त्यांनी न्यायाधिकरणाकडे जावे, असे सांगितले. मुदत संपली तेव्हा सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची प्रक्रिया सुरू झाली होती. मंजुरी मिळाली होती सुमारे २ लाख १७ हजारांना. जुने उर्दू दस्तऐवज, गहाळ कागद आणि संगणक न जाणणारे वयस्कर मुतवल्ली. यांच्या शेजारी बसणारे कुणी होते का?

सरकारने ऑनलाइनसोबत मदतीची खिडकीही चालू ठेवली पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. पण आपणही हात बांधून बसू नये. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये आपलीही मुले-मुली नोकरी करतात. त्यांनी रविवारचे दोन तास दिले, मशिदीच्या एका खोलीत एक संगणक आणि एक स्कॅनर ठेवला, तर वक्फच काय, शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, जन्मदाखला अशी कितीतरी कामे मार्गी लागतील. कॅफेवाल्याने तेव्हा जे केले, तेच आता आपल्याला करायचे आहे.