दीड हजारांचा हप्ता, एकवीस हजारांची मेख

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये उघड्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छपरासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, तर एवढ्या किरकोळ रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. तिची ही अडचण ऐकून सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी खटपट सुरू केली आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण अर्जावर बायांचे अंगठे होते. दुसऱ्या खेपेला त्याच बायांनी साहेबांना सांगितले, कोणत्याही मुदलाचे व्याज विचारा. तुम्हीही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, बघू कोण आधी सांगते.

हिशेब बायांना येतो. तो सरकारी नियमांना येतो का, हा प्रश्न आहे.

विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना आधार देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची. 2023 च्या जुलैपासून तिचे मानधन महिना 1,500 रुपये झाले. पूर्वी विधवेला एक मूल असेल तर 1,100 आणि दोन असतील तर 1,200 मिळत. आता सरसकट दीड हजार, म्हणजे वाढीबरोबर मुलांची मोजदाद संपली. खरी मेख आहे ती वार्षिक 21,000 रुपयांच्या उत्पन्नमर्यादेत. भांगलणीची हजेरी तीनशे रुपये धरली, तर सत्तर दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. जत किंवा आटपाडीत एकटीने दोन पोरे वाढवणारी बाई वर्षात सत्तरच दिवस कामाला जाते, असे तहसील कचेरीत तरी कुणाला वाटते काय? तरीही दाखला तेवढ्याचाच निघतो. शिलाई मशीन घेऊन चार पैसे जास्त मिळवणारीला ते लपवावे लागतात. स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी दिलेली मदत, उभी राहताच काढून घ्यायची, असा हा मामला आहे.

लाडकी बहीण योजनेत मर्यादा अडीच लाखांची आहे, मग तिकडे जावे, असे कुणी म्हणेल. रक्कम तेवढीच आणि दोन्ही घेता येत नाहीत. घरात दुसरा कमावता माणूस नसलेल्या बाईला मग वेगळे काय मिळाले?

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपयांची. एकल पालकांच्या मुलांना ती लागू होते आणि ती खरोखर घसघशीत आहे. पण तिची वाट वेगळ्या खात्यातून, बालकल्याण समितीसमोरून जाते. माणमधून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला एक हेलपाटा म्हणजे एक हजेरी बुडाली. शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स अशी पिशवी घेऊन आलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणताना बुडालेली हजेरी कुणी धरत नाही.

दीड हजारात धंदा उभा राहत नाही, हे खरेच. म्हणून बाया भिशी लावतात. दहा जणींनी पाचशे-पाचशे टाकले की दर महिन्याला एकीच्या हाती पाच हजार येतात. त्यात करडू येते, भाजीच्या गाड्याचे भांडवल होते. अशा छोट्या भांडवलाने फरक पडतो: बंगालमध्ये ‘बंधन’ या सूक्ष्मवित्त संस्थेने अतिगरीब बायांना शेळ्या-गाई आणि सुरुवातीचे काही आठवडे खर्चाला पैसे दिले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांनंतरही त्या घरांची कमाई वरचढ होती. पण भिशीला तारीख लागते. दोन महिने रखडून हप्ता एकदम पडला तर मधल्या काळात उधारी वाढते आणि भिशीतली पत जाते. रक्कम वाढवण्याआधी सरकारने ठरलेल्या तारखेला पैसे टाकावेत आणि उत्पन्नाची अट निदान मजुरीच्या दराशी जोडावी.

सातारा-सांगलीच्या या भागाला एकट्या बाईचा हा विषय नवा नाही. पती बाबूजी पाटणकर यांच्या हत्येनंतर शिक्षिकेच्या नोकरीवर मुलाला वाढवणाऱ्या कासेगावच्या इंदुताईंनी पुढे स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांना एकत्र आणले. त्यांची एक मागणी अगदी साधी होती: बाईच्या नावावर स्वतंत्र रेशनकार्ड. भावाच्या कार्डावर राहिलेली बाई कागदावर कुटुंबच ठरत नव्हती.

ही गत अजून संपलेली नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पोर्टलने पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. ओरड झाल्यावर दोघेही हयात नसलेल्यांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची सोय निघाली. पण वडील वारले आणि नवरा आठ वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला, अशा बाईने ओटीपी कुणाकडे मागायचा?