शिक्का कागदावर, संशय माणसावर

मागच्या जून महिन्यात आमच्या रावेरातले एक शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले. केळीच्या गाड्या भरण्याचे काम करतात. मुलगी बारावी पास झाली होती, तिला नर्सिंगला घालायचे होते. पिशवीत सगळे कागद होते: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, दोघांचे आधार, रेशनकार्ड. त्यातला एकही खोटा नव्हता. तरी अर्ज दोनदा परत आला होता. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘शे.’ होते, आधारवर ‘शेख’ होते आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आडनावाच्या जागी आजोबांचे नाव होते. खिडकीतून त्यांना विचारण्यात आले, ‘हे तिघे वेगवेगळे आहेत का?’

‘सर, मी तर एकच आहे,’ ते मला म्हणाले. ‘पण ते सिद्ध कसं करू?’

हा लेख त्यांच्या या प्रश्नासाठी आहे.

खोट्या कागदाची भीती नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजूबाजूच्या राजांना पत्रे पाठवायचे ठरवले तेव्हा शिक्का नसलेले पत्र ते वाचत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून चांदीची अंगठी घडवली गेली आणि तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ ही अक्षरे कोरली गेली. दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर तसे कोरू नये, अशी ताकीदही दिली गेली. हदीसच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. आपल्या मराठी दफ्तरातही हीच काळजी दिसते. वर शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब. मोर्तब उमटली की तिच्याखाली कोणाला एक ओळ घुसडता येत नसे. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण आजही म्हणतो. यातले दोन्ही शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत.

१८४० साली इंग्लंडमध्ये जगातले पहिले चिकट टपाल तिकीट निघाले, तेव्हा नकल होऊ नये म्हणून पुष्कळ डोके लढवले गेले. चित्र राणीच्या चेहऱ्याचे घेतले, कारण ओळखीच्या चेहऱ्यात जरा फरक पडला तरी तो डोळ्याला खटकतो. कागदात जलचिन्ह घातले. खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरे छापली आणि एका पानावरच्या प्रत्येक तिकिटाला त्या अक्षरांची वेगळी जोडी दिली. एवढे करूनही घोळ झालाच, पण भलत्याच ठिकाणी. तिकीट रद्द करायला लाल शाईचा ठसा मारत. लोक ती शाई धुऊन काढू लागले आणि तेच तिकीट पुन्हा चिकटवू लागले. नवे तिकीट बनवायची कोणाला गरजच नव्हती. मग १८४१ मध्ये तिकीट लाल केले गेले आणि ठसा काळा.

आपल्या देशाची तिकिटे पुष्कळ वर्षे लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला. रावेरहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने नाशिकरोड स्टेशन पाहिलेले असते. टपाल तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट अशा ज्या ज्या गोष्टींची नकल होऊ नये असे सरकारला वाटते, त्यांची छपाई तिथे होत आली आहे. आणि देशातला सर्वांत मोठा मुद्रांक घोटाळा ज्या यंत्रांवर झाला, त्यांचा मागही याच छापखान्यापर्यंत पोहोचला.

अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. १९९४ मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. नाशिकच्या छापखान्यातून बाद झालेली, खरे तर मोडीत निघायला हवी होती अशी यंत्रे त्याच्या हाती लागली, असे तपासात पुढे आले. त्यावर छापलेले मुद्रांक बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठ्या व्यवहारांत खपले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली. २००७ मध्ये ३० वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड झाला. २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच बंगळुरूच्या रुग्णालयात तो मेला.

तेलगीच्या मुद्रांकात कमतरता शोधणे कठीण होते, कारण यंत्र जवळपास खऱ्याच जातीचे होते. जलचिन्ह, शाई, छपाई ही सगळी पहारेदारी शाबूत होती. फुटली ती माणसे. ज्यांच्या हाती ठेव सोपवली होती त्यांनी ती विकली. आपल्याकडे याला अमानतीत खयानत म्हणतात. या घोटाळ्यात सर्व धर्मांचे अधिकारी, कर्मचारी आणि पोलीस अडकले. लोकांच्या लक्षात मात्र एकच नाव राहिले, आणि ते आपल्यातले होते. त्याची झळ कुठे, कशी लागते हे भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या मुलांना विचारा.

या घोटाळ्यानंतर सरकारने एक शहाणपणाचे काम केले. कागदाचीच किंमत काढून घेतली. आधी फ्रँकिंग आले, मग ऑनलाइन चलन आले. आज दस्त नोंदवताना आपण पैसे भरतो, त्याचा एक क्रमांक मिळतो आणि दुय्यम निबंधकाकडे ते चलन ‘डिफेस’ होते. एकदा डिफेस झाले की तो क्रमांक दुसऱ्या दस्ताला चालत नाही. लाल शाई धुणाऱ्यांना १८४१ मध्ये जे उत्तर दिले गेले, तेच हे उत्तर आहे. मोल आता कागदावर राहिलेले नाही, ते कुठेतरी ठेवलेल्या नोंदीत गेले आहे. म्हणून सुंदर छपाई करणारा तेलगी आज फारसा उपयोगाचा नाही.

ओळखपत्रांचेही तेच झाले. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. आधारच्या कागदावर जो चौकोनी क्यूआर कोड असतो, त्यात आता डिजिटल सही असते. ही सही संपूर्ण मजकुरावर गणित करून तयार होते. नावातले एक अक्षर किंवा जन्मतारखेतला एक आकडा बदलला, तर हिशेब जुळत नाही आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळते. फोटोशॉप करून आधार ‘बनवणाऱ्या’ पोराची हुशारी इथे संपते, मात्र तपासणाऱ्याने कोड स्कॅन केला तर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून झेरॉक्सवरच भागते.

पण ही सही कशाची हमी देते ते नीट समजून घ्यायला हवे. हा मजकूर अमुक खात्याने दिला आणि त्यानंतर कोणी त्याला हात लावला नाही, एवढेच ती सांगते. मजकूर मुळात बरोबर होता की नाही, हे तिला माहीत नसते. नोंदणीच्या वेळी ऑपरेटरने घाईत ‘शेख’चे काहीतरी भलतेच टाइप केले असेल, तर त्या चुकीवरही तितकीच पक्की सही होते. पूर्वी तलाठी किंवा मास्तर माणसाला ओळखत आणि चूक हसून सोडून देत. आता यंत्राला फक्त अक्षरे जुळवता येतात. खोटेपणा रोखण्यासाठी बांधलेली भिंत खऱ्या माणसाच्या चुकीलाही तेवढ्याच मजबुतीने आत कोंडून ठेवते.

आपल्या भागात या चुका किती आहेत ते पाहा. जुन्या जनरल रजिस्टरात ‘शेख’चे ‘शे.’, ‘सय्यद’चे ‘सै.’ आणि ‘मोहम्मद’चे ‘मो.’ लिहायची पद्धत होती. खानदेशात ‘शेख’ मुलाच्या नावाआधीही लागते आणि बापाच्या नावाआधीही. संगणकाच्या अर्जात मात्र तीनच रकाने असतात: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. मग आडनाव कोणते लिहायचे? बायकांच्या नावामागचे ‘बी’ कुठे नावाला जोडले जाते, कुठे सुटे राहते, तर कुठे आद्याक्षर समजले जाते. उर्दू शाळेतले नाव मराठीत येते, मराठीतले इंग्रजीत जाते आणि प्रत्येक वळणावर एखादे अक्षर सांडते.

हे दुखणे फक्त मुसलमानांचे आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तडवी भिल्ल राहतात. धर्माने बहुतेक मुसलमान, यादीत अनुसूचित जमाती. जात वैधता हवी असेल तर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तोही शिक्षणाचे तोंड न पाहिलेल्या आजोबाचा. खोट्या जमातीच्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या म्हणून हा कडक कायदा २००१ साली झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण सर्वांत जास्त हेलपाटे त्याच खऱ्या आदिवासींना पडतात. आणि १ जूनला जन्मलेल्यांचे काय? महाराष्ट्रात एका पिढीचे हजारो लोक १ जूनला जन्मले आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडे आणि तारीख माहीत नसली की मास्तर तीच लिहीत. ती फसवणूक नव्हती, ती सोय होती. आज तीच तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीशी जुळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मालेगावसह काही ठिकाणच्या उशिराच्या जन्मनोंदींवर गंभीर आरोप झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले, असे दाखले देण्याचे काम थांबवले आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आणली. ज्याने खोटा पुरावा जोडून दाखला काढला त्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण उशीर आणि खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात सुईणीच्या हातून जन्मलेल्या आणि बापाला नोंदीचे महत्त्व माहीत नसलेल्या माणसाकडे जन्मदाखला नसणे ही त्याच्या गरिबीची खूण आहे. त्याला संशयित म्हणून रांगेत उभे करायचे आणि दाखले विकणारा दलाल मोकळा ठेवायचा, असे होता कामा नये.

आता थोडे घरचे बोलू. आपल्या वस्त्यांतही ‘पैसे द्या, चार दिवसांत काम होईल’ म्हणणारे दलाल आहेत, आणि त्यांच्या दारात उभे राहणारेही आपणच आहोत. दुकानात तारीख बदलून घेतलेला एक दाखला मोहल्ल्यातल्या शंभर खऱ्या दाखल्यांवर संशय आणतो. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदारांनी बोलावले तर यावे, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, असा तिचा आशय आहे. ज्यांच्या ग्रंथातली सर्वांत लांब आयत लिखापढीची आहे, त्यांच्या घरात मुलाची जन्मनोंद नसावी, हे लाजिरवाणे आहे.

कायदा साधा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. महिन्याच्या आत विलंब शुल्क भरून होते. वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आधार जन्मदाखला हाच आहे. आधार त्या जागी चालत नाही. आधार कायद्याच्या कलम ९ नुसार तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि जन्मतारखेचाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तेव्हा अकिकाची तयारी सुरू होण्याआधी नोंद करा, आणि नाव मराठीत व इंग्रजीत कसे लिहायचे ते आधी घरात ठरवून कागदावर लिहून न्या.

सरकारकडे मागणे तीनच. एक, स्पेलिंगचा फरक आणि बनावट कागद यांना एकाच पेटीत टाकू नका. अर्ज परत करताना नेमके कारण आणि दुरुस्तीची वाट लेखी द्या. दोन, नोंदी तुमच्याच दफ्तरात आहेत, त्या तुम्हीच शोधा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभरातली कोतवाल बुके आणि शाळांचे निर्गम उतारे सरकारी माणसांनी चाळले आणि लाखो नोंदी सापडल्या. म्हणजे इच्छा असली की दफ्तर उघडते. तेच दफ्तर केळी मजुरासाठीही उघडा. तीन, तेलगी विसरू नका. क्यूआर कोड बाहेरच्या चोराला रोखेल, आतल्याला रोखणार नाही. कोणत्या लॉगिनवरून, कोणत्या कागदावर, कोणी दाखला मंजूर केला याची चौकशी अर्जदाराच्या घरापासून सुरू न होता त्या टेबलापासून सुरू व्हावी.

माझ्या शेजाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र केले, शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला, राजपत्रात नाव छापून आणले. त्यात सहा दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या वेळी अर्ज स्वीकारला गेला, पण तोवर पहिल्या दोन याद्या निघून गेल्या होत्या. मुलगी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी तिच्या पिशवीत एक कागद जास्त आहे: तिचे वडील एकच माणूस आहेत, असे सांगणारा.