शेजाराचा हिशेब

मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे गोडवे गाताना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, एवढाच हिशेब मांडला जातो. घर मोठे हवेच. सामायिक संडासापुढच्या रांगेत कसलेही काव्य नव्हते. परंतु या जमाखर्चात चाळीची गॅलरी कोठे आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. ते महिनोन्‌महिने तगले ते गावाकडच्या धान्यावर, वाण्याच्या उधारीवर आणि शेजाऱ्यांच्या आधारावर. त्याच वस्तीतील खाणावळवाल्या स्त्रियांनी प्रेमा पुरव यांच्यासह १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. मालकांनी जे वेतन कधी दिले नाही, ते शेजाराने भरून काढले. शेजार ही भावुकांची हळहळ नसून श्रमिकांचे एकमेव भांडवल आहे.

टोलेजंग इमारतीचा देखभाल-खर्च पेलला नाही, तर घर विकावे लागते आणि हे भांडवल विखुरते. म्हणून प्रत्येक मजल्यावर सामायिक ओसरी, इमारतीत पाळणाघर व सभागृह आणि परवडणारा देखभाल-खर्च, ही मागणी रहिवाशांनी संघटितपणे रेटली पाहिजे. ही सवलत नव्हे. हे शहराकडील थकलेले देणे आहे!