जथ्याने खूप फिरलो, आता एकट्याने निघा

आपला समाज घरात बसून राहणारा नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. भाकरी-चटणी बांधून, लेकरे कडेवर घेऊन लाखो माणसे निघतात. दुसराही एक प्रवास आपल्या वाट्याला आलेला आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या धाराशिव जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहिला प्रवास कृतज्ञतेचा, दुसरा पोटाचा. पण कोणाच्या कामावर नाही, कोणाच्या जथ्यात नाही, केवळ जग पाहावे म्हणून स्वतःच्या कमाईतून एकट्याने केलेला प्रवास आपल्याकडे किती जण करतात? हा प्रश्न आज आम्ही वाचकांना विचारणार आहोत आणि त्याबरोबर एक आखलेला बेतही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत.

प्रश्नाला निमित्त झाली आमच्या माकणी परिसरातील एक मुलगी. नर्सिंग शिकली, नोकरीला लागली. पहिल्या वर्षाच्या शिलकीतून आठ दिवस एकटीने फिरायचे तिने ठरविले. नागपूर पाहायचे, चंद्रपूर पाहायचे आणि ताडोब्याच्या जंगलात सफारी करायची. घरात वादळ उठले. आई म्हणाली, 'एकटी?' भाऊ म्हणाला, 'लोक काय म्हणतील?' आणि चळवळीत केस पांढरे झालेले एक कार्यकर्ते म्हणाले, 'दीक्षाभूमीला जरूर जा पोरी, पण वाघ बघणे हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत.' तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर दिले पाहिजे.

प्रवास ही आपल्या समाजासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांनी 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या आत्मकथनपर लेखनात अस्पृश्यता समजावून सांगितली, तीही बऱ्याच अंशी प्रवासातल्या प्रसंगांतूनच. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच गाडीवाल्यांनी तोंड फिरविले. दुप्पट भाडे देऊनही मुलांनाच गाडी हाकावी लागली आणि रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडविले गेले. गाडी, मुक्काम, पाणी, पाहण्याचे ठिकाण! प्रवासाला लागणारी एकूण एक गोष्ट जातीने अडवून ठेवली होती.

या अनुभवातून आलेल्या महामानवाने घटनेची कलमे लिहिली. कलम १५(२) म्हणते, दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची जागा यांत जातीच्या किंवा लिंगाच्या कारणावरून कोणालाही अडविता येणार नाही. कलम १९(१)(ड) प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क देते. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेल वा धर्मशाळेत प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविते. कोर्टात आम्ही ही कलमे वाचतो, तेव्हा ती दोन पक्षकारांच्या वादापुरती असतात. खरी जिवंत होतात ती एखादी मुलगी लॉजच्या टेबलावर ओळखपत्र ठेवून 'एक खोली पाहिजे' असे म्हणते तेव्हा. वापरला नाही तो हक्क पुस्तकातच राहतो.

'एकटी' या आक्षेपाचे काय? भीती खोटी नाही. पण भीतीला उत्तर तयारीने द्यायचे असते. मुक्काम आधी ठरवावा, पत्ता घरी लिहून द्यावा, नव्या गावात उजेडी पोचेल अशीच गाडी धरावी. रेल्वेचा १३९ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक पाठ असावेत. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. कोणी तसे सांगितले तर नकार लेखी मागावा. पुष्कळदा नकार तिथेच विरघळतो. आणि भावांनी एक लक्षात ठेवावे, की तुम्ही एकटे पुण्या-मुंबईला जाता तेव्हा लोक काय म्हणतील हे तुम्हाला कोणी विचारीत नाही.

आता बेत. धाराशिव, लातूरमार्गे कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेस जाते. ती रोज नसते, म्हणून तारखा तिच्या वारावरून ठरवाव्यात. माकणीहून एस.टी.ने लातूर आणि तिथून रेल्वे. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पुढचा बराचसा प्रवासही एस.टी.नेच असल्यामुळे मुलींचा खर्च बराच खाली येतो.

नागपुरात दोन-तीन दिवस ठेवा. दीक्षाभूमी आपण गर्दीत पाहिलेली असते, धक्काबुक्कीत वंदन करून परतलेलो असतो. एखाद्या साध्या दिवशी सकाळी तिथे एकट्याने बसून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाचा अर्थ शांततेत वेगळा उलगडतो. शहराबाहेर चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आहेत, त्यांचा टंकलेखन यंत्रही आहे. १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला अजब बंगला, चुकवू नका.

तिथून एस.टी.ने चंद्रपूर. वाटेत भद्रावतीला उतरून विजासनची बुद्ध लेणी पाहता येतात. चंद्रपूरलाही दीक्षाभूमी आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली. मराठवाड्यातल्या आपल्या अनेकांना हे ठाऊकच नसते. गोंड राजांनी उभारलेला परकोट अजून शहराला वेढून उभा आहे. आदिवासींना इतिहास नाही असे म्हणणाऱ्यांनी त्या भिंतीखालून एकदा चालून यावे.

चंद्रपूरहून सुमारे ३० किलोमीटरवर ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वार. राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. मंगळवारी सफारी बंद असते, म्हणून मंगळवार शहरासाठी ठेवावा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद असतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी. पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारी निवडावा. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि त्यात दिलेले ओळखपत्र बरोबर न्यावे.

एकट्या प्रवाशाची खरी अडचण वेगळीच आहे. जिप्सीचे भाडे माणशी नसते, गाडीला असते. सहा जणांचा भार एकट्यावर येतो. त्यामुळे गाडीत जागा वाटून घेणारे सोबती आरक्षणाच्या आधीच शोधावेत. परवान्यावर नावे असतात, ऐनवेळी फेरफार जमत नाही. ही व्यवस्था गटाने येणाऱ्या सधन पर्यटकाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. एकट्या प्रवाशाला आणि विद्यार्थ्याला माणशी दराने जागा मिळावी, ही मागणी आपण वनविभागाकडे लावून धरली पाहिजे. जंगल सार्वजनिक आहे, मग त्याचे दार खिशाच्या मापाचे कसे?

आणि 'चोचले' या आक्षेपाचे खरे उत्तर इथेच आहे. जंगल पाहायला आपण जायचे ते वाघाबरोबर फोटो काढायला नव्हे. ताडोबा हे नावच तारू या गोंडांच्या दैवतावरून आले आहे. वाघाशी झुंजताना तारू पडला अशी कथा सांगतात. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. बोटेझरी, जामणी यांसारखी गावे व्याघ्र प्रकल्पासाठी उठविली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले, पण कागद आणि जमीन यांतले अंतर आपल्याला नवे नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघाने मारले. जिप्सीतला माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो आणि त्याच जिल्ह्यातली बाई वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून चालते. हे समजून घ्यायला आपला माणूस तिथे गेला पाहिजे. गाइडशी, चहाच्या टपरीवरच्या बाईशी बोलला पाहिजे. कोणाचे गाव उठले, मोबदला मिळाला का, हे त्याने विचारले पाहिजे. गाइडना, त्यांतही महिला गाइडना, मानाने वागविले पाहिजे. तसा प्रवास चोचला राहत नाही. तो अभ्यास होतो. आणि त्यात आनंद झाला, तर तोही आपल्या हक्काचाच आहे. आपण फक्त दुःख आणि संघर्षच पाहत राहावे असे बाबासाहेबांनी कुठे सांगितले?

ज्यांना आठ दिवस आणि एवढा पैसा जमत नाही, त्यांनी जिल्ह्यातच एक-दोन दिवसांची रंगीत तालीम करावी. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथले लामतुरे संग्रहालय पाहावे. कसबे तडवळ्याला जावे, जिथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांनी महार-मांग वतनदारांची परिषद घेतली. आणि येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य पाहावे. लहान आहे, पण अलीकडे त्याने साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे चक्क वाघ कॅमेऱ्यात आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. सुमारे पाचशे किलोमीटर, शेते, रस्ते, नद्या ओलांडून तो एकटा आमच्या जिल्ह्यात आला होता.

जनावराला नवा मुलूख शोधायला कोणाची परवानगी लागत नाही. माणसाला ती लागू नये म्हणून आपल्या बापाने घटना लिहिली. तेव्हा आमची घराघरांतील आईबापांना विनंती आहे. मुलगा असो की मुलगी, कमावते झाले की निदान एकदा त्यांना एकट्याने जाऊ द्या. तिकीट त्यांनाच काढू द्या, हिशेब त्यांनाच लिहू द्या, रस्ता चुकला तर त्यांनाच विचारू द्या. चार अनोळखी माणसांत मान वर करून उभे राहण्याचे शिक्षण कोणत्याही शिबिरात मिळत नाही. त्या मुलीच्या घरचे अजून विचार करीत आहेत. त्यांच्यापर्यंत हा अंक पोचावा म्हणूनच हा लेखनप्रपंच.

जयभीम!